गावाचा कोट

१९५८ साल, मी बावीस वर्षांचा. आज नातवाच्या गच्च भरलेल्या कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि तो कोट आठवला. आमच्या गावात कोट एकच, पाटलांचा. पोरगी बघायला जाणारा प्रत्येक जण तोच मागून न्यायचा. मीही भर उन्हाळ्यात तो घालून, घाम गाळत बेंबळीला गेलो. पोरीचा मामा सुपारी कातरत म्हणाला, "पाव्हणं, ह्या कोटाला आमी वळखतो. तिसऱ्यांदा आलाय, आतलं माणूस तेवढं बदलतंय." सगळे हसले, चहा घेऊन चौकटीशी उभी असलेली पोरगीसुद्धा. मी घरी आलो, पण पोरगी मनात भरली होती आणि माघार घेणारा मी न्हाय. माझ्याकडं दोन पांढरे सदरे, दोन धोतरं आणि एक काळं जाकीट होतं. बाजाराला नुसता सदरा, लग्नाला वरून जाकीट. पांढऱ्यावर काहीही शोभतं, हे मला तेव्हा कळत होतं, नातवाला अजून कळत न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट परत दिला, नीळ घातलेला माझा सदरा चढवला, चालत बेंबळी गाठली आणि म्हणालो, "मामा, आता आतलं माणूस बघा."