विहिरीतली बियर आणि सदा ठोंबरे

दोन माणसं एकाच गिऱ्हाइकाच्या दारात रोज समोरासमोर यायला लागली की किस्से आपोआप साठतात. मी आणि सदा ठोंबरे असे दहा वर्षं भेटलो. ऐंशीच्या आसपासचे दिवस. परदेशी भागीदारीतल्या एका बियर कंपनीचा मी सेल्समन, तसल्याच दुसरीचा तो. दोन्ही कंपन्यांना कर्जत-खालापूर काबीज करायचं होतं आणि त्यासाठी माणसं होतो आम्ही दोघंच.

*

मे महिन्यात आमचे परदेशातले गोरे साहेब मार्केट बघायला आले. खालापूरला हायवेवर भोईरांची परमिट रूम होती, तिथे नेलं. सकाळपासून लाइट नव्हती, माझा जीव टांगणीला. पण बाटली आली ती गारेगार! साहेबांनी फ्रिज बघायला मागितला. भोईर त्यांना मागच्या विहिरीवर घेऊन गेले आणि दोर ओढून टोपली वर काढली. टोपलीत आमच्या बाटल्या होत्या, तेवढ्याच ठोंबरेच्याही. साहेबांनी माझ्यामार्फत विचारलं, यातली जास्त कुठली खपते?

भोईर म्हणाले, "वर असंल ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी विहिरीवर पोचलो. ठोंबरे टोपलीत आपल्या बाटल्या वर लावून, कट्ट्यावर चहा पीत बसला होता.

*

पुढे आमच्या कंपनीनं बियरसाठी जाड काचेचे मग वाटले, वर ठळक नाव. भोईर त्यातून ठोंबरेची बियर द्यायला लागले. मी तक्रार केली, तर शांतपणे म्हणाले, "लोकं नाव तर तुमचंच वाचतात ना?"

*

कर्जतला साहेबांनी चवीची परीक्षा ठेवली. बाटल्या कागदात गुंडाळलेल्या, चाखणारे पाच. एक जण आलाच नाही. कोपऱ्यात ठोंबरे जेवत होता. साहेबांनी त्यालाच बसवला. त्यानं सगळे ग्लास चाखून आमचीच बियर पहिली ठरवली. साहेबांनी आनंदानं त्याचा धंदा विचारला.

"भाताचा व्यापारी," ठोंबरे म्हणाला.

साहेबांच्या रिपोर्टात आलं: स्थानिक व्यापाऱ्यांची पसंती.

*

माझं लग्न काही जमत नव्हतं. बियरचं नाव निघालं की मुलीकडचे उठायचे. कर्जतजवळच्या कोंडाण्याची मुलगी मला मनापासून आवडली होती. पण तिचे वडील माळकरी. विचार करून कळवतो म्हणाले, आणि चौकशीला गेले ते नेमके ठोंबरेकडे. तो त्यांच्या नात्यातला निघाला. मी आशाच सोडली. आठ दिवसांनी होकार आला.

मांडवात ठोंबरेला बाजूला घेऊन विचारलं, काय सांगितलंस रं त्यांना?

"खरं तेच. म्हटलं, पोरगा बियर इकतो, पन भिऊ नका. त्याची कोन पीत नाय."