सुनेच्या गाडीचे पहिलेच पॅड

आमची हायब्रिड गाडी घरी आली तेव्हा तिच्यावर सगळ्यात कमी विश्वास होता तो आबांचा. आबा म्हणजे माझे सासरे. उरणकडच्या गावातल्या मिठागरवाल्या घरात जन्मलेले, पण वडलांचं आगर सोडून तरुणपणीच टँकरवर चढले आणि पाय थकेपर्यंत उतरले नाहीत. देशावरून तळोज्याच्या कारखान्यांसाठी रसायनं भरायची आणि भरला टँकर घेऊन घाट उतरायचा, हे त्यांचं आयुष्य. त्यामुळे गाडी किती जोरात पळते याचं त्यांना कधी कौतुक नव्हतं. ती थांबते कशी, एवढंच ते विचारायचे.

मी मूळची पुण्याची. लग्नानंतर करंजाड्याला आले आणि उरणच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले. नवऱ्याची तळोज्याला शिफ्टची नोकरी, त्यामुळे कॉलेजला जायची सोय मलाच करायला हवी होती. गाडी मी निवडली, माझ्या नावावर घेतली. सासूबाई गेल्यानंतर आबा आमच्याकडे राहायला आले होते, पण फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना. मग ठरलं, की सकाळी माझ्याबरोबर निघायचं, वाटेत गावात उतरायचं, दिवसभर आपल्या माणसांत बसायचं आणि संध्याकाळी माझ्याबरोबर परत यायचं. अशी मी आणि माझे सासरे रोजच्या रोज शेजारी बसून प्रवास करायला लागलो.

तो रस्ता बंदराकडे जाणारा. पुढे कंटेनरचा ट्रेलर, मागे कंटेनरचा ट्रेलर, मध्ये आम्ही. समोरच्या ट्रेलरचे लाल दिवे लागले की आबांचा उजवा पाय मॅटवर जोरात दाबला जायचा. त्यांना ते कळतही नसे. नवरा हसून म्हणायचा, "हिचे ब्रेक पॅड झिजायच्या आधी आबांच्या पायाखालची मॅट झिजणार."

पहिल्याच आठवड्यात आबांनी विचारलं, "या गाडीचा ब्रेक येगला लागतोय. असा का गो?"

मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. आपण पेडल हलकं दाबलं की चाकंच मोटरला फिरवायला लागतात. त्यातून वीज तयार होते, ती बॅटरीत जाते, आणि वीज काढून घेतल्यामुळे गाडीचा वेग कमी होतो. ब्रेकचे पॅड तोवर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला शिवतही नाहीत. एकदम जोरात दाबलं, किंवा गाडी अगदी थांबायला आली, तरच ते पकडतात.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे तू ब्रेक मारतेस, पन पॅड घासत नाय?"

"फारसे नाही."

"मंग टिकतील किती?"

"खूप टिकतात म्हणतात. बघू."

"जो घासत नाय तो ब्रेक कसला?" म्हणून त्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मला ते थोडं लागलं. पण त्या दिवसापासून मी समोरच्या पडद्यावरच्या काट्याकडे लक्ष द्यायला लागले. घाबरून पेडल दाबलं की काटा टोकाला जायचा, म्हणजे पॅड घासले. आधीपासून हळूच दाबत आणलं की काटा मधेच, हिरव्या पट्ट्यात राहायचा, म्हणजे सगळा वेग बॅटरीत गेला. हा मला खेळच झाला. आबांच्या लक्षात आलं की मी काहीतरी जमवू बघतेय. एकदा गव्हाण फाट्याजवळ ते आपणहून म्हणाले, "म्होरल्या ट्रेलरला नको बगूस. त्याच्या म्होरं काय चाललंय ते बग. त्यो थांबायच्या आदी तुला कललं पायजे."

मी तसं बघायला लागले. ट्रेलरच्या बाजूने, वळणावर, पुलावरून रस्ता उतरताना लांबवरचे दिवे दिसायचे आणि मी पाय उचलायची. गाडी आपसूक हळू व्हायची, काटा हिरव्यात राहायचा. पावसाळा गेला, हिवाळा आला, आणि कधीतरी माझ्या ध्यानात आलं की आबा शेजारी डोळे मिटून बसलेत आणि त्यांचे दोन्ही पाय मांडी घालून सीटवर आहेत. टँकर चालवणारा माणूस दुसऱ्याच्या गाडीत डोळे मिटतो, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला कुणी दिलेलं नाही. मी कॉलेजात शिरले ती अख्खा दिवस फुलून होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला माझ्या माहेरच्या लग्नाला गेलो. परतताना घाट लागला. आबा पुढे, नवरा मागे झोपलेला. उताराला लागल्यावर गाडी छान रोखली जात होती, बॅटरी भरत होती. मग अर्ध्या घाटात पडद्यावरचे सगळे बॅटरीचे रकाने भरले आणि इंजिन मोठ्यानं घुमायला लागलं. तोवरचा पेडलचा मऊपणाही गेला.

आबा ताडकन सरळ बसले. "काय झाला? गाडी सोडते का काय?"

"नाही आबा. बॅटरी भरली. आता वीज ठेवायला जागा नाही, म्हणून मोटर रोखत नाहीये."

"म्हंजे हंडा भरला."

"हो."

"मंग आता पॅडवरच?"

"पॅडवर नको," मी म्हणाले आणि गियरचा दांडा उतारासाठीच्या खुणेवर ओढला. इंजिन आणखी मोठ्यानं ओरडलं, पण गाडीनं स्वतःला आवरून धरलं. मी पेडलवरून पाय काढला तरी ती सुटली नाही.

आबा क्षणभर आवाज ऐकत राहिले. "खालच्या गियरला घेतली," ते म्हणाले. "हां. हा बराबर."

पुढच्या वळणावर एक टेम्पो कडेला उभा होता, चाकातून धूर येत होता आणि जळक्या ब्रेकचा तो उग्र वास आमच्या गाडीत शिरला. आबांनी खाली वाकून त्या टेम्पोकडे बघितलं. घाट उतरून पळस्प्याला चहाला थांबलो तेव्हा ते उतरले आणि आधी आमच्या चारही चाकांपाशी जाऊन हाताचा पालथा पंजा जाळीजवळ धरून आले. नवऱ्याला म्हणाले, "गरम नाय. कोमट हायेत. तुझी बायको घाट उतरवते रं."

त्याच महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली. तोवर ती जेवढी धावली तेवढ्या किलोमीटरमध्ये आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचे पॅड बदलून झाले असते. इथे मेकॅनिक म्हणाला, पुढचे निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. आबांनी ऐकून समाधान मानलं नाही. त्यांनी चाक काढायला लावलं, स्वतः वाकून अंगठ्याच्या नखानं जाडी पाहिली आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

मग गावात सुरू झालं. संध्याकाळी मी त्यांना घ्यायला जायची तेव्हा पारावरची मंडळी माझ्याकडे बघून हसायची. आबा सगळ्यांना सांगत सुटले होते, की माझ्या सुनेच्या गाडीचे पॅड अजून कंपनीचेच हायेत, आणि अजून वर्षानुवर्षं तेच ऱ्हानार. त्यांचा एक पुतण्या कंपनीच्या स्टाफला ने-आण करणारी टॅक्सी चालवतो. त्याच बंदराच्या रस्त्यावर त्याला सारखे पॅड बदलावे लागायचे. तो काही हे मान्य करेना.

"वैनी, आबा कायबी सांगतात," तो मला म्हणाला. "ब्रेकचा पॅड झिजत नाय, असा कदी असतो का?"

"झिजतो. पण हळूहळू."

"रविवारी आना गाडी. खोलूनच बगू."

रविवारी त्याच्या अंगणात गाडी उभी केली. तो स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणारा, हात बसलेला. निम्मं गाव गोळा झालं होतं. बायकाही पडवीत येऊन बसल्या होत्या. पुढचं डावं चाक काढलं. पुतण्यानं आपले नुकतेच काढलेले जुने पॅड शेजारी आणून ठेवले. त्याचे पत्र्यापर्यंत आलेले, माझे जाडजूड. "आईशप्पत," तो म्हणाला. उजवं काढलं, तेही तसंच. आबांनी सगळ्यांकडे असं बघितलं की जणू पॅड त्यांनीच घडवलेत.

"आता मागचे बी बगून घेऊ," पुतण्या म्हणाला.

मागचं डावं चाक निघालं. बाहेरून दिसणारा पॅड जाड होता. पण पुतण्यानं टॉर्च मारून आत बघितलं आणि शीळ घातली. आतला पॅड जवळजवळ संपला होता. डिस्कवर तांबूस गंज आणि खोल चरे होते. पॅडला दाबून पुन्हा सोडणारा सांगाडा ज्या पिनांवर सरकतो, त्यातली एक गंजून अडकून बसली होती.

अंगणात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "आबा, हा बी कंपनीचाच काय?"

आबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला कळलं की आपली फजिती झाली याहून सून चारचौघांत उघडी पडली याचं त्यांना जास्त वाईट वाटतंय. मला मात्र लाज वाटली नाही. मी खाली बसले, पिन बघितली आणि मला सगळं लख्ख कळलं. वर्गात एखादं गणित फळ्यावर सुटत जावं तसं.

"हा पॅड ब्रेक मारून झिजलेला नाही," मी म्हणाले. "ब्रेक न मारल्यामुळे झिजलाय."

पुतण्यानं मान वर केली. "कसा काय?"

"माझी गाडी दिवसभर कॉलेजच्या मैदानात खाडीच्या वाऱ्यात उभी असते. तुमचे पॅड दिवसभर घासतात, त्यामुळे डिस्कवर गंज धरत नाही, आणि ते सारखे बदलले जातात म्हणून पिनाही साफ होतात. माझे मागचे पॅड क्वचित हलतात. खाऱ्या हवेनं पिन गंजली, पॅड डिस्कला चिकटून राहिला आणि चालता चालता घासत गेला."

मग आबा बोलले. "मिठाचा गुन हाय तो. आमच्या आगरावर एका पावसाल्यात फावडा खाऊन टाकायचा मीठ." ते पुतण्याकडे वळले. "इंजिनाला तेल लागता ना? तसा पिनंला गिरीस लागता. पॅड टिकतात म्हनून बगायचाच नाय, असा थोडाच हाय?"

पुतण्यानं त्याच दुपारी पिना काढल्या, घासून चकचकीत केल्या, ग्रीस लावलं. मागची डिस्क आणि दोन्ही बाजूंचे पॅड पुढच्या दोन दिवसांत बदलून घेतले. त्या रविवारी चाक बसवताना तो मला म्हणाला, "वैनी, मागचा सोडा. पन पुढचे बगून मी हात जोडले." आणि खरंच काळे झालेले हात जोडले. पडवीतल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मी पुण्याची, त्या गावात तोवर पाहुणीच होते. त्या दुपारी मात्र माझ्या पुढ्यात जेवणाचं ताट आलं ते सुकटीच्या चटणीसकट, मासे चालतात का असं न विचारता.

तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्यानंतर चारही चाकं काढून पिना साफ करायचं ठरलं, आणि एक गंमतही ठरली. करंजाड्यातल्या नव्या वसाहतीत सकाळी मोकळे रस्ते असतात. आठवड्यातून एकदा तिथे गाडी थोडी वेगात घ्यायची आणि चार-पाचदा ठासून ब्रेक मारायचा, म्हणजे डिस्कवरचा गंज निघून जातो. मागं बघायचं काम आबांचं.

"कोन नाय," ते आरशात बघून सांगतात. "मार!"

मी मारते. दोघंही सीटबेल्टच्या पट्ट्यावर आदळतो आणि आबा खो खो हसतात. सकाळी फिरायला निघालेले शेजारी आमच्याकडे विचित्र नजरेनं बघतात.

आता गाडीनं लाखाचा आकडा मागे टाकलाय. पुढचे पॅड अजून तेच आहेत. मेकॅनिक म्हणतो, अजून सहज चालतील. मी आबांना मात्र सांगून ठेवलंय, की ज्या दिवशी तो बदला म्हणेल त्या दिवशी बदलायचे, गावात कितीही अभिमान असला तरी. ते मान डोलावतात.

गेल्या दिवाळीनंतर पुतण्या त्याच्या बायकोला घेऊन आमच्या घरी आला. ती दारातच उभी राहिली, पदर बोटाला गुंडाळत. तो म्हणाला, "वैनी, हिला गाडी शिकवायची हाय. मी शिकवतो तर आमची भांडनं होतात. तुमच्यासारखी शिकवा."

ती सव्वा महिन्यात शिकली. हात हलका आहे तिचा, आणि नजर तर माझ्यापेक्षा लांबची. परवा तिनं मला शेजारी आणि आबांना मागे बसवून करंजाड्यापासून गावापर्यंत गाडी नेली, ट्रेलरच्या रांगेतून, एकदाही धक्का न देता. गावात शिरताना तिनं हॉर्न वाजवला तशा घराघरांतून बायका बाहेर आल्या. तिनं गाडी पाराजवळ अलगद थांबवली, काच खाली केली आणि तिच्या सासूला हाक मारली, "आई, या बसा! बाजारात जाऊन येऊ."

सासू हातातलं सूप तसंच खाली ठेवून आली. मी उतरून तिला पुढची जागा दिली आणि मागे आबांच्या शेजारी बसले.