वहीतली कोरी ओळ

माहेरी, वडवणीच्या आठवडी बाजारात मी गवारी निवडत होते, तेव्हा धाकट्या दिराचा, दत्ताचा, बीडच्या दवाखान्यातून फोन आला. "वहिनी, लुसिया गेली." रडू येण्याआधी माझ्या मनात आलं, आता कळवायचं कुणाला? अकरा वर्षं ती माझी जाऊ होती आणि तिचं माहेर मला खात्रीनं सांगता आलं नसतं. लिहायला लाज वाटते, पण तिच्या बाबतीत संशयाची मला सवयच लागली होती.

दत्ता नोकरीसाठी अर्जेंटिनाला गेला आणि तिला घेऊन नेकनूरला परतला. नव्या सुनेला पहिला प्रश्न माहेरचा. ही कधी म्हणे आजा इटलीचा, कधी आजी स्पेनची. मी टोकलं, तर म्हणाली, "ताई, आमच्याकडं सगळ्यांचेच आजे जहाजातून उतरलेले." त्यात मोबाईलवर स्पॅनिश शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "आई, काकूचं बोलणं मोबाईलमधल्या बाईसारखं न्हाई. ती 'मी'ला 'यो' म्हणती, काकू 'शो'." माझ्या संशयाला खतपाणीच मिळालं. लुसिया मात्र हसली. "आमच्याकडं असंच बोलतेत. तुमाला पुण्याला हसतेत, तसं मला स्पेनवाले हसतेत." आमची बोली तिनं इतक्या लवकर उचलली, याचाही मला संशय यायचा.

मग एकदा आमच्या कुळाची वंशावळ लिहिणारे भाट आले. ओसरीवर वही उघडून त्यांनी माझं माहेर, माझ्या वडिलांचं नाव वाचून दाखवलं. लुसियाची पाळी आली, तर ती म्हणाली, "ती ओळ रिकामी ठिवा."

"कावून?" मी विचारलं. "बापाचं नाव तर असंलच की."

ती उठून आत गेली... मी नवऱ्याला म्हणाले, "बापाचं नाव लपवती, म्हंजी काहीतरी काळंबेरं हाय." ते तिनं ऐकलं असावं. त्या दिवशी चहा देताना तिनं वर पाहिलं नाही.

तेराव्यानंतर दत्तानं सांगितलं. ती जन्मली तेव्हा तिथं अर्जेंटिनात लष्कराची राजवट होती. तुरुंगातल्या बायकांची बाळं काढून घेऊन परक्या घरांत दिली जात, कागदावर त्याच घरांची नावं लागत. लुसिया त्यातली. मोठेपणी रक्त तपासलं, तेव्हा हे आईबाप आपले नाहीत एवढंच कळलं. खरे कोण, ते शेवटपर्यंत नाही. इटली, स्पेन... ती बिचारी अंदाज बांधत होती.

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगणार होती, वहिनी. पर तुमी इश्वास ठिवणार न्हाई म्हणायची."

तिचं बरोबर होतं.

गेल्या आठवड्यात भाट पुन्हा आले. तिच्या मृत्यूची नोंद केली आणि त्यांचा पेन त्या ओळीवर थांबला. "आता तरी सांगा बाई. कोरं ठिवत नसतेत."

वडवणी लिहा, माझ्या वडिलांचं नाव लिहा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मग आठवलं, तिच्या कागदावर एकदा असंच कुणीतरी परकं नाव लिहिलं होतं.

"राहू द्या कोरंच," मी म्हणाले. "कधी तिचं माणूस आलं, तर जागा लागंल."