मागच्यांची ओळ

व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेचा वास आला, की नव्वदच्या दशकातली नाशिकमधली एक दुपार आठवते. मीपण विरून जाण्याविषयीच्या एका जुन्या अभंगावरून मी दोन व्हायोलिन, चेलो आणि बासरीसाठी रचना केली होती. शब्द नाहीत, नुसते सूर. पहिलं व्हायोलिन मीच वाजवत होते. कार्यक्रम चार दिवसांवर आला, तरी रचनेत जीव येत नव्हता. चेलोवाल्याची आई सिन्नरजवळच्या गावाहून आली होती आणि कोपऱ्यात मेथी निवडत तालीम ऐकत होती. “कसं वाटतंय?” मी सहज विचारलं. “लय गोड हाय, बाई. पण मागच्यांनी म्हणायचं कधी? आमच्या भजनात एकानं ओळ म्हटली का तो थांबतो, मग बाकीचे तीच ओळ धरतात. इथं समदं तुमीच म्हणताय.” मी पेन्सिल घेऊन माझ्या निम्म्या ओळी खोडल्या आणि त्या बाकीच्या तिघांना वाटून दिल्या. पुन्हा वाजवलं, तेव्हा तिचे मेथी निवडणारे हात थांबले होते. ती रचना आम्ही अजून वाजवतो. माझी ओळ संपते, चेलो ती उचलतो, आणि मी गज खाली घेऊन त्या माउलीला मनातल्या मनात नमस्कार करते.