दगडापाशी बसणारी

बसगाड्यांच्या तिकीटपेट्या रोज सकाळी जिथे रिकाम्या होतात, त्या खोलीला सगळे नाणेखोली म्हणत. तिथलं यंत्र नाणी आकाराने निवडायचं, आणि ज्यांच्याबद्दल शंका येईल ती एका पत्र्याच्या डब्यात थुंकायचं. वाकलेली, घासलेली, चिकट झालेली, आणि अधूनमधून चक्क खोटी. तो डबा मग दगडापाशी यायचा. दगड म्हणजे पाटाएवढा काळा, गुळगुळीत तुकडा, खिडकीखालच्या टेबलावर कायमचा बसवलेला. त्यावर वीतभर उंचीवरून नाणं टाकायचं आणि ऐकायचं. खणखणलं तर उजव्या ताटात, बद्द वाजलं तर डाव्या.

एकोणीस वर्षं ते ऐकणारे कान एकाच बाईचे होते. खोलीत सगळे तिला मावशी म्हणत. साहेब वयाने तिच्याहून मोठे, तेही मावशीच म्हणत. पण खरी मावशी ती एकीचीच होती, आणि सगळं बिघडलं ते तिथेच.

मावशी नाणी टाकताना दगडाकडे बघतसुद्धा नसे. पलीकडे पिशव्या शिवणाऱ्या काकूंशी सुनेचं, पाण्याचं, गुडघ्याचं बोलणं चालू असे, आणि हात आपले उजवीकडे, डावीकडे. नवी बाई कामाला आली की मात्र ती गप्प बसून बघायची. कारण नवी बाई एक चूक हमखास करायची. दोन रंगी नाणं, पिवळं कडं आणि मधे पांढरी चकती असलेलं, ते मुळातच बद्द वाजतं, अगदी चांगलं असलं तरी. नव्या बाया ते ओंजळओंजळ डाव्या ताटात टाकत. ताट शिगोशीग भरेपर्यंत मावशी थांबायची, आणि मग म्हणायची, "झालं? आता सगळं उचल नि उजवीकडे ठेव." त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं.

बहिणीची मुलगी शिकून दोन वर्षं घरी बसली होती. मावशीनेच साहेबांकडे शब्द टाकला आणि तिला इथे आणलं. पहिल्या दिवशी पोरीला दगडापाशी बसवून मावशी हाताची घडी घालून उभी राहिली. भाचीने दोन रंगी नाणं टाकलं. बद्द. दुसरं टाकलं. तेही बद्द. तिने पाच-सहा टाकून पाहिली आणि सगळी उजवीकडे ठेवली.

"कुणी सांगितलं तुला?" मावशीने विचारलं.

"कुणी नाही. पण सगळीच सारखी बद्द वाजतायत ना. एवढ्या सगळ्या लोकांनी मिळून खोटी नाणी कशाला टाकली असतील?"

काकू शिवणयंत्र थांबवून हसल्या. मावशी हसली नाही.

"पण मावशी, हे असं का?"

"काय असं का?"

"बाकीची वाजतात, मग यालाच काय झालंय?"

"असतो एकेकाचा आवाज. तुझ्या आईचा नाही का फुटका?"

विषय तिथे मिटला असं मावशीला वाटलं. पण ती पोर मिटणाऱ्यातली नव्हती. घरी जाऊन तिने झाकणं वाजवली, वाट्या वाजवल्या, डब्यांच्या कड्या वाजवल्या. आईने रात्री मावशीला फोन करून तक्रार केली, "तुझ्या भाचीने स्वयंपाकघराचं दुकान मांडलंय." तक्रारीत कौतुक किती होतं ते मावशीला बरोबर ऐकू आलं. कान तर तयारच होते.

आठवड्याभराने जेवणाच्या सुट्टीत भाचीने सगळ्यांपुढे प्रयोग केला. डाव्या हाताच्या बोटाच्या टोकावर तिने एक साधं स्टीलचं नाणं तोललं आणि दुसऱ्या नाण्याने त्याच्या कडेला हलकेच टिचकी दिली. टिंग. आवाज बराच वेळ रेंगाळला.

"हे अख्खं एकाच धातूचं आहे," ती म्हणाली. "एकदा थरथरलं की सगळं मिळून थरथरतं. मधे अडवणारं कुणी नाही."

मग तिने दोन रंगी नाणं घेतलं. टक्. संपलं.

"याच्यात मधली चकती कड्यात दाबून बसवलेली असते. वितळवून एक केलेली नसते. थरथर सांध्यापाशी आली की दोघं एकमेकांना घासतात, आणि सगळा जीव त्या घासण्यातच जातो. बाहेर काय येणार?"

"म्हणजे एका घरात राहतात पण कुरबुर चालू," काकू म्हणाल्या.

"अगदी तसंच. आणि काकू, नाणं लहान आणि जाड असलं ना, की आवाज बारीक येतो. मोठं आणि पातळ असलं की खालचा. म्हणून ते जुनं जाडं नाणं आणि हे नवं, किंमत एकच पण सूर वेगळा. आकारही बदललाय आणि धातूही."

दारात साहेब कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "पुन्हा वाजव बघू," ते म्हणाले. तिने पुन्हा वाजवलं. साहेबांनी स्वतःच्या बोटावर नाणं तोलायचा प्रयत्न केला, ते घरंगळून काकूंच्या डब्यात पडलं, आणि खोलीभर हसू पसरलं.

मावशी आपल्या जागी बसून घास चावत होती. एकोणीस वर्षांत साहेबांनी तिला एकदाही 'पुन्हा वाजव' म्हटलं नव्हतं. ती रोज वाजवत होती, हजारो वेळा, आणि कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. पंख्याचा आवाज कोण ऐकतं? आणि ही काल आलेली पोर एक टिचकी मारते काय, नि सगळ्यांचे डबे उघडे राहतात काय.

"मावशी, तुला माहीतच असेल हे," भाची म्हणाली.

"माहीत आहे," मावशी म्हणाली. माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून तिला पोरीचं काहीच बरं दिसेना. तिचं केस मागे सारणं, नाणं टाकताना मान किंचित कलती करणं. "देवळातली घंटा ऐकतेय जशी," ती काकूंजवळ पुटपुटली.

"तुझ्यासारखीच करते मान," काकू म्हणाल्या.

"मी कुठे करते?"

"एकोणीस वर्षं समोर बसलेय मी तुझ्या."

हे तर फारच झालं. पोरीने मानही चोरली होती.

मग साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आणखी दोन आगारांत अशाच खोल्या सुरू होणार आहेत. तिथल्या बाया शिकायला इथे येतील. दगडापाशी यापुढे एकच जण कायम बसेल, तीच त्यांना शिकवेल. दुसरीला मागच्या टेबलावर, यंत्राच्या खडखडाटाशेजारी, नाण्यांच्या गुंडाळ्या करायच्या. "सोमवारी दोघींनाही साठ-साठ नाणी देतो. कोण किती बरोबर काढतं ते बघू. आधी धाकटी, मग जेवणानंतर मावशी."

"बघायचं काय त्यात?" भाची म्हणाली. "मावशीच बसेल."

पोर मनापासून म्हणाली, आणि तेच मावशीला टोचलं. जणू तिची जागा ही पोर तिला वाढून देत होती.

रविवारी मावशीने वह्या-पुस्तकांना लावायची चिकट, पारदर्शक प्लास्टिकची गुंडाळी आणली. ओट्यावर तिचे दोन थर चिकटवले आणि वर नाणं टाकलं. थप्. दुसरं टाकलं. थप्. चांगलं काय, खोटं काय, सगळ्यांचा एकच मेलेला आवाज.

"सकाळपासून काय वाजवतेयस?" नवऱ्याने आतून विचारलं.

"नाणी."

"रविवारीसुद्धा?"

"तुमचं घोरणं चालतंच ना रविवारी."

मावशीने पुन्हा एक नाणं टाकलं. थप्. कितीतरी दिवसांनी तिला एखादा आवाज आवडला होता.

सोमवारी ती अर्धा तास आधी पोचली. दगड पुसला, प्लास्टिक बेताने कापलं, एकही बुडबुडा राहू न देता दोन थर चिकटवले. काळ्या गुळगुळीत दगडावर ते दिसतही नव्हतं. पोर सकाळी गोंधळेल, जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली की आपण ते काढून टाकू, आणि दुपारी आपला दगड आपल्याशी नेहमीसारखा बोलेल. हिशेब सरळ होता.

साहेब नाण्यांची दोन ताटं घेऊन आले. काकू आल्या, यंत्रावरचे दोघे आले. भाची पुढे झाली आणि खुर्चीला हात लावून थांबली.

"साहेब, मावशीला आधी बसू दे ना. ती असताना मी आधी बसणं बरं दिसत नाही."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "या मावशी. मोठ्यांचा मान."

मावशी मागे सरकली. "नको, ठरलंय तसंच होऊ दे. पोरीला बसू दे."

"अहो बसा. एवढी काय लाजता?"

"मी जेवल्यानंतरच बरी ऐकते."

सगळे हसले. काकूंनी तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलंच.

तिने पहिलं नाणं उचललं. बोटांना ते चांगलं वाटलं. टाकलं. थप्. तिने ते उजवीकडे ठेवलं. दुसरं टाकलं. थप्. तिसरं. थप्. आता हात थांबला. एकोणीस वर्षं हात कानाचं ऐकत आले होते. कान गप्प झाल्यावर हातांना काहीच कळेना. तिने एक डावीकडे ठेवलं, मग उचलून उजवीकडे, मग परत डावीकडे. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"मावशी, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

पुढच्या दहांपैकी सात डावीकडे गेली. त्यात साधी, अख्ख्या स्टीलची नाणी होती, ज्यांत काल आलेली बाईसुद्धा चुकली नसती. काकूंनी तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात भाची तिच्या खांद्याशी वाकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, दगडाला काहीतरी झालंय. तू बोटावर घे. मी करते तसं."

तिने अगदी कानाशी सांगितलं होतं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मावशीने नाणं हातात धरलं. बोटावर तोललं, टिचकी मारली, की आवाज येणार होता. प्लास्टिकचा पत्ताही कुणाला लागला नसता. उरलेली सगळी बरोबर निघाली असती. फक्त ती पोरीच्या बोटाने निघाली असती.

मावशीने नाणं खाली ठेवलं. दगडाच्या कोपऱ्यात नख घातलं आणि ओढलं. शर्रर्र करत दोन्ही थर सोलून निघाले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"प्लास्टिक. वह्यांना लावतात ते."

"कुणी लावलं?"

"मी. आज सकाळी."

"कशाला पण?"

"हिचं वाजू नये म्हणून," मावशी म्हणाली, आणि ते प्लास्टिक हाताने गोळा करत राहिली. ते बोटांना चिकटत होतं, सुटत नव्हतं.

भाचीचा चेहरा उतरला होता. "मला सांगायचंस ना. मी आपण होऊन मागच्या टेबलावर गेले असते."

"तेच नको होतं मला. तू दिलेली जागा घेऊन मी काय करू?"

"मग असं करणं बरं होतं?"

"बरं नव्हतं. पण माझं होतं."

साहेबांनी घसा साफ केला. रागवावं की काय हे त्यांचं ठरत नव्हतं, आणि शेवटी त्यांनी ताटातली नाणी परत एकत्र केली. "पुन्हा सुरुवात करा. आता दगड उघडा आहे."

मावशीने साठ नाणी टाकली. दगड बोलला. तिने खिडकीबाहेर बघत साठच्या साठ बरोबर काढली, चार खोटी धरून. भाचीनेही साठच्या साठ काढली. थोडी हळू काढली, हे मावशीने मनात नोंदवून ठेवलं, आणि पोर उठताच ती परत आपल्या खुर्चीवर बसली.

"आता काय करायचं?" साहेब म्हणाले. "शिकवायचंही आहे. बाहेरच्या बाया येतील, त्या पहिल्या दिवशीच विचारतील. मावशी, हे दोन रंगी नाणं चांगलं असूनही बद्द का वाजतं, सांगा बरं त्यांना."

मावशीला ते पाठ होतं. सांधा, घासणं, थरथर, सगळं त्या जेवणाच्या सुट्टीतच तिच्या डोक्यात बसलं होतं, आणि गेले कित्येक दिवस ती नाणं टाकताना मनातल्या मनात तेच म्हणत होती. तिने तोंड उघडलं. पण जे शब्द ओठांवर आले ते शब्दन् शब्द भाचीचे होते. अगदी 'सगळा जीव त्या घासण्यातच जातो' हेसुद्धा. तिने दुसरे शोधून पाहिले. नव्हते.

"हिला विचारा," ती म्हणाली. "शोधून हिने काढलंय. मी एकोणीस वर्षं ऐकलं, पण विचारलं कधी नाही."

"तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. पण ते हिचं आहे."

साहेबांनी मान हलवली आणि भाचीकडे पाहून खुर्चीकडे हात केला. भाची जागची हलेना. तेव्हा मावशी स्वतःच उठली. मागच्या टेबलाकडे दोन पावलं गेली, मग परत आली आणि खुर्चीवरची आपली पातळ, दबून पोळीसारखी झालेली उशी काढून काखेत मारली.

"मावशी, ती राहू दे ना," भाची म्हणाली. "खुर्ची कडक आहे."

"मला माहीत आहे किती कडक आहे ते," मावशी म्हणाली, आणि उशी घेऊन यंत्राच्या खडखडाटाशेजारी जाऊन बसली.