पोटानंतर एकदम गुडघे

"कुठं हात लावला? नाव सांग."

काकू दिवाणावर बसल्या होत्या. मी फरशीवर उभी. वय नऊ. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या त्या घरात माझी आई धुणंभांडी करायची आणि काकूंचे यजमान, सगळ्या गल्लीचे सर, मला फुकट गणित शिकवायचे. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. त्या दिवशी वही तिथंच टाकून मी आतल्या खोलीतून पळत बाहेर आले होते.

"तितं," मी म्हणाले.

"तितं म्हणजे कुठं?"

त्या जागेचं नाव मला ठाऊक नव्हतं. घरात कुणी घेतलंच नव्हतं. एकच शब्द माहीत होता, आमच्या वस्तीत नळावर भांडणं लागली की ऐकू यायचा तो. तोच बोलले.

मग सरांचं काही विचारायचं राहूनच गेलं. "बघ लेकीचं तोंड," काकू आईला म्हणाल्या. "तुमच्यात हेच शिकवतात का गं?" आईनं ओल्या हातानं माझ्या थोबाडीत दिली. माफी मागायला लावली. मी मागितली. सरांच्या पाया पडले. हो, पडले. आजही लिहिताना मान खाली जाते.

शिकवणी बंद झाली. आईचं काम चालू राहिलं. गुन्हा माझ्या तोंडाचा ठरला, त्यांच्या हाताचा नाही.

आता मी होटगीकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. याहून मोठी लाज इथली आहे. रोज सकाळी मुलांकडून अवयवांची नावं म्हणवून घ्यायची. नाक, कान, खांदे, पोट. पोटावरचा हात थेट गुडघ्यावर. अकरा वर्षं हेच केलं. प्रशिक्षणात सगळी नावं शिकवायला सांगितली होती. मी ती वहीत उतरवून घेतली आणि वही कपाटात टाकली. गेल्या महिन्यात चार वर्षांच्या एका मुलीनं मधेच विचारलं, "बाई, हितं काय असतंय?" मी तिच्या हातावर फटका मारला. शी म्हणाले. तिनं हात मागं लपवला. उद्या हिला कुणी हात लावला तर ही काय सांगणार? हिचं तोंड मीच बंद केलं होतं. काकूंना कशाला नावं ठेवू?

दुसऱ्या दिवशी तिला जवळ घेतलं. माझं चुकलं म्हणाले. मग सगळ्यांना शिकवलं. शिश्न. योनी. गुदद्वार. आवाज माझाच कापत होता. मुलं नाक-कान म्हणावं तसं म्हणून मोकळी झाली. इथं कुणी हात लावला तर नाव घेऊन सांगायचं, माणूस कितीही मोठा असू दे, हेही सांगितलं.

आठवड्याभरात त्या मुलीचे आजोबा आले. माजी सरपंच. चपला घालूनच आत. एरवी ते आले की मी उठून उभी राहते. त्या दिवशी उठले नाही.

"बाई, ही घाण बंद करा. न्हायतर वर अर्ज करतो. तुमच्यासारखीला घेतलं हितंच चुकलं."

माझ्या पगारावर घर चालतं.

"करा अर्ज," मी म्हणाले. "बाई काय शिकवते ते त्यात नाव घेऊन लिहा."

त्यांनी तोंड उघडलं. शब्द निघेना. तसेच गेले.

अर्ज येईलही. दुसरं कुणी लिहून देईल. मला काढतील. तोवर रोज शिकवणार. आणि यातलं एखादं लेकरू नाव घेऊन माझ्याकडं आलं, तर समोरचा गावात कुणीही असो, त्या लेकराचा हात धरून पोलीस ठाण्यात मी स्वतः जाणार.