तिसरी पोळी

“कोणता आकडा चालत नाही तुले?”

नवीन गिऱ्हाइकाला मावशीचा पहिला प्रश्न हाच असे. वांगं चालतं का, तिखट किती, उपास कोणत्या वारी, हे सगळं मागाहून. आधी आकडा. एका हातात लाल तेलरंगाची डबी, दुसऱ्या हातात बारीक ब्रश, मांडीवर नवा कोरा डबा. उत्तर येईपर्यंत ब्रश हवेत थांबलेला. हिंदीवाल्यांना हाच प्रश्न हिंदीत. “कौन-सा नंबर नहीं चलता, भैया?” समोरचा हसायचा, म्हणायचा, मी असलं काही मानत नाही. मावशी म्हणायची, “मीबी नाही मानत. पण सांगून ठेव.” मग तो जरा थांबून, आवाज खाली आणून सांगायचाच.

तुम्हीही कोणाला विचारून पाहा. सांगतात.

मी सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात प्रशासन पाहते, म्हणजे याद्या करते. मावशीचं घर तेलीबांध्याला आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात. तिचे डबे कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून आमच्याबरोबर यायचे आणि त्यांची यादी ओघानंच माझ्याकडे आली. नाव, पोळ्या, तिखट, सुट्टी, असे चार रकाने होते. मावशीनं पाचवा काढायला लावला: ‘चालत नाही’.

त्या रकान्यात सगळं जग होतं. लेखा विभागातल्या ख्रिस्ती बाईंना तेरा चालत नसे. यंत्र बसवायला आलेल्या चिनी इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी चार नंबरचा डबा परत केला. त्यांच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ सारखा. त्याला आठ दिला तर तो इतका खूश झाला की डब्याबरोबर फोटो काढून घरी पाठवला. क्रेनवाल्या चाचांना ७८६ हवा होता. “चाचा, डब्बेच चाळीस हाय माह्याजवळ,” म्हणत मावशीनं तोही रंगवून दिला. ट्रकवाले सरदारजी म्हणाले, एक सरदार म्हणजे सव्वा लाख, तोच आकडा लिही. झाकणावर जागा पुरेना, म्हणून त्यांच्या डब्यावर नुसतंच ‘सव्वा’.

मावशीचा स्वतःचा डबा बावीस नंबरचा. “माह्या सासऱ्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या,” ती सांगायची. “त्यानं शुभ-अशुभ सारं घराबाहेर फेकलं. मी ते लोकाच्या घरचं गोळा करून राहिली.”

माझ्या नावापुढे त्या रकान्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: तीन. आमच्या घरी ताटात तीन पोळ्या वाढत नसत. तीन मेलेल्या माणसाच्या पानावर. दोन खाऊन तिसरी मागितली तर आई ती मधोमध फाडून दोन अर्ध्या करून वाढायची. मावशी ऐकून खो खो हसली. तिच्या स्वतःच्या डब्यात रोज तीन असायच्या. “पोटाले तीन लागते मले. पोटाले काय माहीत कोण मेलं?”

एका बाबतीत मात्र ती गंभीर होती. कोणाला नको असलेला आकडा तिनं चुकूनही त्याच्या डब्यात जाऊ दिला नाही. “भेव हाय तो. त्याच्या मायनं शिकवलेला. जेवताना माणसाले भेव नाही वाटलं पायजे.”

आता साहेबांकडे येते. खरेदी विभागाचे साहेब. बोटात तीन अंगठ्या, गाडीच्या नंबराची बेरीज नऊ. त्यांना चार चालत नसे, तो राहूचा, आणि आठही चालत नसे, तो शनीचा. चिनी पाहुण्याची लक्ष्मी ती आमच्या साहेबांची साडेसाती, यावर मावशी आठवडाभर हसत होती. साहेब दोन वर्षं तिचा डबा खात होते. पहिला घास घेऊन “वाह दीदी” म्हणायचे, दीदी तिथे नसली तरी.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला मावशीनं प्रत्येक डब्यात खिरीची वाटी ठेवली. साहेबांनी बोटं चाटून विचारलं, “आज किस खुशी में?” मी सांगितलं. त्यांचा हात वाटीतच थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा न उघडता परत. जेवणाच्या खोलीत, भरल्या टेबलावर, ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “दीदी के नाम का टोटल निकाला मैंने. चार आता है. खाने में राहू नहीं चलता. आप लोग भी देख लीजिए.”

लोकांनी पाहिलं. कोणी नावाची बेरीज केली नाही, कारण काय पाहायचं ते सगळ्यांना कळलं होतं. महिन्याभरात एकेचाळीस डब्यांचे सतरा झाले. माणसं एकेक करून माझ्या टेबलापाशी येत, “मॅडम, मेरा नाम काट दीजिए,” म्हणत, आणि मी काटत होते. पट्टी लावून, सरळ रेघ. तोंडातून अक्षर काढलं नाही मी. हे लिहून ठेवते, कारण बाकी सगळ्यांच्या याद्या करणारी बाई स्वतःचं नाव वगळते, असं व्हायला नको.

संध्याकाळी मावशीकडे गेले. सून चोवीस रिकामे डबे फडताळावर पालथे घालत होती. मावशी म्हणाली, “काय म्हणला तो? शब्दाशब्दानं सांग.”

मी सांगितलं.

“आन् तू काय म्हणाली?”

“काही नाही.”

तिनं सुनेच्या हातातला डबा घेऊन स्वतः पालथा घातला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, “जात म्हणला असता तर मी गेटवर येऊन भांडली असती. आकडा म्हणला. आकड्यात त मी एमे आहो, ताई.” आणि ब्रश तेलात बुडवून पुसत पुसत, “तुले बोलता नाही येत. लिहिता येते ना? मंग लिहून भरपाई कर.”

मी केली.

पहिली पार्किंगची यादी. सगळ्यांच्या जागा नव्यानं आखल्या, आडनावांच्या अक्षरक्रमानं, तक्रारीला वावच नाही. साहेब चौथे आले. गाडी बाहेर कडुनिंबाखाली लावू लागले. कावळ्यांनी तिची जी दशा केली ती मी खिडकीतून मोजून पाहत असे. मग लॉकर: कोणी घेत नव्हतं म्हणून तेरा रिकामा होता, बेरीज चार, तो त्यांना. सुरक्षेच्या टोपीवर आठ. आतल्या फोनचे नंबर बदलायचेच होते, त्यांचा चव्वेचाळीस. बैठकीत त्यांची खुर्ची डावीकडून चौथी; उलट मोजली तर उजवीकडूनही चौथी, कारण खुर्च्या मी सातच ठेवायची. रोज माझ्या डब्याच्या झाकणात मावशीची चिठ्ठी असे. शनिवारची ही: “आज शनवार. आठ सांभाळजो.”

“मॅडम, ये चार मेरे पीछे क्यों पड़ा है?” साहेब एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले. चौथी अंगठी आली होती बोटात.

“अक्षरक्रम आहे साहेब,” मी म्हणाले. “टोटल निकालकर देखिए.”

त्या रात्री मला झोप छान लागली. वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटलं.

पावसाळा सरता सरता साहेबांच्या आईला दवाखान्यात ठेवलं. अभनपुरकडची म्हातारी, हाडांची मोळी. ऑफिसातून कोणी कधी भेटायला जायचं याची यादी मीच करते, पहिलं नाव माझं. निघाले तर मावशी फाटकाशी उभी, हातात डबा. “कोणता बेड हाय बुढीचा?”

“चार.”

“जेवून राहिली का?”

“दोन दिवस नाही म्हणे. चार नंबरच्या खाटेवर खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणते.”

मला वाटलं, आता मावशी हसेल. ती रिक्षात बसली. “त्याले भेव कोणी शिकवला ते त पाहू.”

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मावशी खाली वाकली आणि तिच्याच बोलीत म्हणाली, “दाई, कोन नंबर नइ चलय तोला?”

“चार,” म्हातारी म्हणाली आणि रडायला लागली.

मावशीनं नर्सकडून चिकटपट्टीचा तुकडा मागितला. खाटेच्या लोखंडी पाटीवर चारच्या आधी उभा चिकटवला. चौदा झाले. “एक अन् चार, पाँच. पाँच चलही?”

“हव,” म्हातारी म्हणाली. “पाँच बने हे.”

मग मावशीनं डबा उघडला. तांदळाची पेज होती, वर मिठाचा खडा. चमचा भरला आणि थांबली. “दाई, मैं बौद्ध औं. पहिली बता देथौं. चलही?”

मी दाराकडे पाहिलं. साहेब उभे होते. किती वेळचे, माहीत नाही.

म्हातारीनं मावशीकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं. “मोला भूख लागे हे, बेटी,” ती म्हणाली आणि आ केला. अख्खी वाटी संपली. मग साहेबांच्या देखत विचारलं, “अउ हे का?” आणखी हवी होती तिला.

परतताना मी म्हणाले, “मावशी, मिटवलंस मग.”

“काहून? बुढी उपाशी होती. त्याचं अन् माह्यं तसंच हाय.”

तसंच होतं. घरी गेल्यावरही म्हातारीला पेज हिच्याच हातची हवी. मावशीनं निरोप दिला: डबा देईन, पण लेकानं स्वतः येऊन न्यायचा, नोकर चालणार नाही. वेळ सांगितली ती नेमकी आमच्या बसची. बस तिच्याच कोपऱ्यावर थांबते. पहिल्या दिवशी साहेब आले तेव्हा सगळी बस खिडक्यांना चिकटली होती. मावशी ओट्यावर, मांडीवर डबा, त्यावर तळहाताएवढा ताजा लाल चार.

“कौन-सा नंबर नहीं चलता, साहब?”

साहेब काहीतरी पुटपुटले.

“जरा जोर से. मेरे को कम सुनाई देता है.”

दोन गल्ल्या पलीकडे कोणाचा कुकर शिट्टी देतोय हे सांगणारी बाई ती.

“सब चलता है,” साहेब म्हणाले. बसपर्यंत ऐकू आलं. रंग ओला होता. तो त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागला आणि त्या दिवशी ते पोटावर अर्धा चार घेऊन हिंडले. असे चाळीस दिवस गेले. म्हातारी उठून चालू लागली.

लोक परत यायला लागले. मावशीनं सगळ्यांना घेतलं, पण दंड लावून. नाव काटलेल्यानं परत यायचं तर पहिले सात दिवस तीन पोळ्या. कमी नाही, जास्त नाही, फाडून नाही. “तीन खाऊन कोणी मेलं तर मले सांगजो.” आमचे लेखापाल पहिल्या दिवशी डोळे मिटून जेवले.

फक्त साहेबांना घेतलं नाही. चाळिसाव्या दिवशी त्यांनी विचारलं, “मेरा भी शुरू कर दीजिए, दीदी.” मावशी म्हणाली, “लिस्ट भर गई.” यादी माझ्या पर्समध्ये होती आणि तिच्यात नऊ ओळी कोऱ्या होत्या. माफी त्यांनी कधी मागितली नाही. मागायची तर खरा शब्द तोंडात घ्यावा लागला असता, आणि तो आकड्यात मावणारा नव्हता.

गेल्या थंडीत मावशी गेली. शेवटच्या आठवड्यात तिच्या खाटेशी बसले होते. तिनं सगळ्या डब्यांची चौकशी केली, चाचांच्या डब्याचा रंग उडालाय म्हणाली. मग म्हणाली, “मी गेल्यावर तो येईन. सुनेले दया येईन. चांगली पोट्टी हाय ती.”

“मग?”

“यादी कोणाजवळ हाय?”

डबे आता सून चालवते. आकडा विचारत नाही. रंगवलेले डबे आहेत तसे फिरतात. बावीस मी मागून घेतला. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तिला मराठी समजते, पण बोलते हिंदीत. “दीदी, वो साहब आए थे. बहुत नरमी से बोले. ले लूँ क्या?”

मी यादी उघडली. ‘चालत नाही’ रकान्यात माझ्या नावापुढचा ‘तीन’ हा आकडा पट्टी लावून काटला. मग फोनवर सांगितलं, “जागा नाही म्हण.”

दुपारी जेवणाच्या खोलीत साहेब माझ्या समोरच बसतात, घरून आणलेला डबा घेऊन. मी बावीस नंबरचं झाकण काढते. दोन पोळ्या मी कशाही खाते, बोलत, फोन घेत. तिसरी अख्खी हातात घेते. फाडत नाही. सावकाश खाते, त्यांच्याकडे बघत, शेवटच्या घासापर्यंत.